आवाज खाली जातो तिथे

सभागृहाचे व्यवस्थापक जेवायला गेले होते आणि रंगमंचावर एक माइक एकटाच उभा होता. बाहेर पाऊस आळसावल्यासारखा, बारीक बारीक पडत होता. रविवारी बागेत चार लोकांसमोर बोलायचं होतं, त्यासाठी स्पीकर मिळतो का हे विचारायला मी आले होते. रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि वाटलं, तालीम करून घ्यावी. माइक बंदच असणार असं धरून मी सुरू केलं.

“नमस्कार. मी काही तरुण मुलामुलींबद्दल बोलणार आहे. ते विशी-तिशीत आहेत आणि त्यांना कॅन्सर झालाय. लहान मुलांच्या वॉर्डात भिंतींवर ससे काढलेत, तिथे ते मावत नाहीत. मोठ्यांच्या वॉर्डात दोन्ही बाजूंना आजोबा खोकत असतात. तिथे त्यांना...”

“तिथे त्यांना काय?” अंधारातून कुणीतरी विचारलं.

माझ्या हातातली छत्री पडली. मागे, वरच्या काचेच्या खोलीत दिवा लागला. तिथे एक तरुण उभा होता: गळ्यात हेडफोन, खांद्यावर वायरींचं वेटोळं आणि नाकावर एका बाजूला कललेला चष्मा.

“माइक चालू होता?”

“चालू होता म्हणून तर माझा डबा अर्धा राहिला.”

“मग सांगायचं ना.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता.” तो जिना उतरून खाली आला. “एक विचारू? ‘ते’ म्हणताना तुमचा आवाज खाली का जातो?”

“माइकचा दोष असेल.”

“त्याला नावं ठेवू नका. त्याचं नि माझं बरं चाललंय.”

मी हसले... आणि हसू आवरायला जरा उशीरच झाला.

मनातल्या मनात मी त्याचं नाव ठेवलं तारवाला. त्याने मला तोंडावरच ‘वक्त्याबाई’ केलं. रविवारी स्पीकर घेऊन स्वतः येतो, म्हणाला.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते, हे बोलता बोलता त्याला सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तो तिथे हजर. चष्मा कलतोय, स्क्रू सैल झालाय. मी घट्ट करून दिला. संध्याकाळी परत आला.

“परत ढिला?”

“माझाच ढिला आहे. आमच्या घरी सगळ्यांचं एकमत आहे.”

त्याच्या पुढच्या दिवशी त्याला नवाच चष्मा हवा होता. त्यासाठी डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. मी छोटी पट्टी त्याच्या नाकावर टेकवली.

“समोर बघा. माझ्या डोळ्यांत.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

“मग... सांगू नका.”

पट्टी हलली. पुन्हा मोजावं लागलं. त्याचे डोळे काळे नव्हते, ओल्या मातीच्या रंगाचे होते, आणि त्यांत मी दोनदा दिसत होते — इवलीशी, पट्टी धरलेली. गल्ल्यावरून आमच्या मालकांनी विचारलं, “पोरी, दोनच डोळे आहेत ना त्यांना? मग एवढा वेळ?”

शनिवारी तो मला घरापर्यंत सोडायला आला. दोघांत एक छत्री. दिव्यांचा पिवळा उजेड रस्त्यावर सांडला होता आणि आम्ही त्यावरून चालत होतो, मुद्दाम हळू. त्याचा उजवा खांदा भिजत होता आणि तो ते मला कळू देत नव्हता.

“रविवारी... म्हणजे भाषण झालं की... मला तुम्हाला एक—”

“ते झाल्यावर बघू,” मी घाईने म्हणाले.

छत्रीवर पाऊस तेवढा बोलत राहिला.

त्याला वाटत होतं मी त्या मुलांसाठी धडपडणारी कुणी स्वयंसेविका. ज्या खाटेच्या दोन्ही बाजूंना आजोबा खोकत होते, त्या खाटेवर मी होते हे त्याला ठाऊक नव्हतं. उपचार संपले होते, केस कानापर्यंत आले होते. अधूनमधून तपासणी असायची आणि तिच्या आधीचा आठवडा घशाखाली घास उतरायचा नाही. पुढची तपासणी तोंडावर आली होती. पण त्याहून मला भीती होती ती त्याच्या आवाजाची. आजार कळला की लोकांचे आवाज मऊ होतात, उशीसारखे. आईचा झाला होता. मैत्रिणींचा झाला, मग त्या यायच्याच बंद झाल्या. याचाही झाला तर...

रविवारी पाऊस थांबला होता. बागेतल्या गोल चबुतऱ्यावर मी कागद घेऊन उभी राहिले. शेजारी आमच्या वॉर्डाच्या सिस्टर, ज्यांनी हे सगळं मनावर घेतलं होतं, आणि उपचारांत केस गेलेले, टोपी घातलेले वॉर्डातले दोघं-तिघं. झाडाखाली तारवाला टेबल मांडून बसला होता, नव्या चष्म्यात.

मी बोलायला लागले. ते असे, त्यांना तसं. कुत्रं फिरवणारा एक गृहस्थ थांबला आणि कुत्र्याने ओढल्यावर निघून गेला. बाकावरच्या बायका आपल्या गप्पांत रमल्या. सिस्टरांचा चेहरा पडत चालला. मी झाडाकडे पाहिलं. त्याने हात हलकेच वर उचलला — आवाज, वर.

मी कागद दुमडला.

“मी चुकीचं सांगतेय,” मी म्हणाले. “ते नाही. मी. मी चोवीस वर्षांची असताना मला कॅन्सर झाला.”

बाकावरच्या गप्पा थांबल्या.

“माझा मोठा भाऊ माझ्याशी रोज भांडायचा. त्या दिवसापासून तो भांडेना. टीव्हीचा रिमोट आपणहून माझ्या हातात द्यायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आपण मरणार.” कुणीतरी हसलं आणि लगेच ओशाळलं. “हसा हो. वॉर्डात हसायला कुणी नव्हतं, म्हणून तर इथे आलोय. रुग्णालयात जिन्याजवळ एक खोली बंद पडलीय. ती आमच्या वयाच्या मुलांना द्या, मित्रांना संध्याकाळी तिथे येऊ द्या, एवढंच मागायचंय. पण आम्ही मूठभर मागून कोण ऐकतं? तुम्ही सगळ्यांनी मागितलं तर ऐकतील. आणि तुमच्या ओळखीत कुणी असं असेल तर त्याची नोकरी सांभाळून ठेवा. त्याला भेटायला जा. काय बोलावं सुचलं नाही तर भांडा.”

लोक जवळ आले होते. बाकावरच्या एका बाईंनी सिस्टरांना विचारलं, “कुणाला भेटायचं त्या खोलीसाठी? मी उद्या येते.” कॉलेजची पोरं टोपीवाल्यांना घेरून उभी राहिली. कुत्रंसुद्धा मालकाला ओढत परत आलं.

मी मात्र झाडाकडे पाहत होते. त्याने हेडफोन काढले होते. मान खाली घालून वायरी गुंडाळत होता, त्याच त्याच वायरी, उलट्यासुलट्या.

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ गेले.

“कसं झालं?”

“चांगलं.” आवाज मऊ नव्हता. चांगलाच खरखरीत होता. “काल छत्रीत सांगता आलं नसतं?”

“वाटलं, तुम्ही...”

“मी काय? पळून जाईन? परस्पर ठरवून टाकलंस? निदान मला विचारायचंस तरी. मी रात्रभर जागा, की माझं काय चुकलं, ही का तोडते माझं बोलणं... तुला काय वाटतं, मी काय स्क्रू घट्ट करायला येत होतो?”

तो थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“‘तू’ म्हणालात मला,” मी म्हणाले.

“चुकून.”

“राहू दे.”

झाडावरून साचलेलं पाणी टपटपलं, दोघांवरही. पुसायचं कुणालाच सुचलं नाही.

“बुधवारी माझी तपासणी आहे,” मी म्हणाले. “वाईटही निघू शकतं. दर वेळी निघू शकतं. हे संपणारं नाहीये.”

“किती वाजता?”

“ऐकलंस का मी काय—”

“ऐकलं. ऐकणं हाच माझा धंदा आहे. किती वाजता?”

बुधवारी तो रुग्णालयात आला. आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सरकून बाकावर जागा करून दिली. माझा हात गार पडला होता, तो त्याने आपल्या खिशात ठेवून घेतला, स्वतःचाच असल्यासारखा.

निकाल चांगला आला. पुढची तपासणी थेट उन्हाळ्यात.

खोलीला वेळ लागला. बाकावरच्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी रुग्णालयाच्या दारात इतक्या वेळा जाऊन उभ्या राहिल्या की तिथली मंडळी कंटाळून कबूल झाली, असं सिस्टर सांगतात. थंडीत ती उघडली. खिडकीला निळे पडदे, भिंतीवर एकही ससा नाही. पहिल्याच संध्याकाळी पत्त्यांवरून अशी भांडाभांडी झाली की सिस्टरांना दोनदा दटावायला यावं लागलं. माझा दादा त्यांत सगळ्यात पुढे होता.

मी खिडकीशी उभी होते. तो येऊन शेजारी टेकला.

“उन्हाळ्यापर्यंत मोकळी आहेस म्हणजे.”

“हो. का?”

“लग्नाला पुरेल ना तेवढा वेळ?”

खोलीत कुणीतरी डाव जिंकला आणि एकच गलका झाला. त्या गलक्यात मी हो म्हणाले, अगदी हळू... आणि त्याला ते बरोबर ऐकू गेलं.