समुद्रावरच्या वाकड्या ओळी

तांब्याचा एक गोळा, लिंबाएवढा. तीन बारीक दोऱ्यांनी तो बोटीखाली सोडायचा आणि साउंडरचा, म्हणजे मासे हेरणाऱ्या यंत्राचा, आवाज त्याच्यावर आपटून परत कसा येतो ते तपासायचं. गोळा बरोबर ऐकू आला, तर मासेही बरोबर ऐकू येतील.

*

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण घट्ट बसतं, म्हणून दादा त्यात चहापूड ठेवतो.

*

ओळ चौथी. बावीस मैल. मासे: शून्य.

*

तिसरीत असताना मला पट्टी लावूनही सरळ रेघ मारता यायची नाही. पट्टीचं दुसरं टोक दादा दाबून धरायचा.

*

पांढरे पक्षी. सगळे एकाच जागी, दगड टाकावेत तसे वरून पाण्यात पडणारे.

*

आम्ही तारली मोजायला निघालो होतो. बोटभर लांबीचा हा मासा. मोठे मासे त्याच्यावर जगतात, पक्षी जगतात, आमचं अख्खं बंदर जगतं. समुद्रात तो किती उरलाय यावरून यंदा जाळी टाकायची की बंद ठेवायची ते ठरतं. आकडा सांगायचं काम माझं. हे चौथं वर्ष. आधीच्या तिन्ही वर्षी मी सांगितलं होतं, भरपूर आहे.

सगळा समुद्र मोजता येत नाही. म्हणून नकाशावर पूर्व-पश्चिम अशा वीस ओळी आखायच्या. पहिली कुठे ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, बाकीच्या तिच्यापासून सारख्या अंतरावर. बोटीने त्या ओळींवरून सरळ जायचं. खाली मासे असोत-नसोत, सरळ! रिकाम्या पाण्यालाही भरलेल्या पाण्याइतकीच किंमत. हे दादाला समजावताना माझा घसा बसला होता. पंचवीस वर्षं मासे धरणाऱ्या माणसाला रिकाम्या पाण्यावरून मुद्दाम जायला सांगणं म्हणजे त्याची थट्टाच. बोटीवरच्या मिस्त्रींना तो म्हणाला होता, आमची बहीण फार शिकली, आता काही नसलेलंही मोजते.

बोटीवर आम्ही तिघंच. दादा सुकाणूवर. मिस्त्री इंजिनापाशी, सोयीप्रमाणे बहिरे. मी साउंडरच्या पडद्यासमोर. साउंडर दोन पुरुष लांबीच्या लोखंडी नळाच्या टोकाला, डाव्या बाजूने पाण्यात सोडलेला. बोट आपोआप सरळ नेणारा ऑटोपायलट पहिल्याच दिवशी बंद पडला, तेव्हा दादा म्हणाला, काळजी नको, माझे हात आहेत.

*

ओळ सतरावी संपली त्या दुपारी मी केबिनमध्ये बसून बोटीचा खरा मार्ग नकाशावर उतरवत होते.

ओळीपासून अर्धा मैल सरकलं तर चालतं. प्रवाह ढकलतो, इलाज नसतो. त्या आठवड्यात प्रवाह सतत उत्तरेला होता.

पाचव्या ओळीत बोट उत्तरेला सरकली होती. नवव्या ओळीत दक्षिणेला. बाराव्या ओळीत आधी उत्तरेला, मग दक्षिणेला. आणि जिथे जिथे ओळ वाकली होती, तिथे तिथे साउंडरवर माशांचा लालभडक डाग होता.

प्रवाहाला डोळे नसतात.

मी उठले. काय करायचं सुचेना, म्हणून चहा ठेवला. डब्यात चमचा घातला तर आत काहीतरी खणकन वाजलं. चहापुडीत फ्यूज होता. ऑटोपायलटचा.

*

फ्यूज मी सुकाणूसमोर ठेवला. दादाने पाहिला आणि नजर परत पाण्यावर नेली.

"अर्धा मैल चालतं, असं तूच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "समोर पक्षी पडतायत आणि सरळ कसं जायचं? हात ऐकत नाहीत, चिमणे."

"आणि हा? हाही हात न ऐकता डब्यात गेला?"

त्याने फ्यूज बोटाने बाजूला सरकवला.

"गेल्या वर्षी पण?"

त्याने सुकाणूवरचा हात बदलला.

"तिन्ही वर्षं?"

"बंदर बंद पडलं असतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुझंही नाव झालंच की."

दादाने वाट वाकडी करून गाठलेले थवे मी सगळ्या समुद्रभर आहेत असं धरलं होतं. तिन्ही वर्षी माझ्या सहीवर बोटी सुटल्या होत्या. नसलेले मासे मी लिहिले आणि असलेले त्यांनी काढले. यंदा इतकं पाणी रिकामं का, याचं उत्तर माझ्याच अक्षरात होतं.

मी खाली इंजिनापाशी गेले. मिस्त्रींना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. भावाबहिणीच्या मधे मी कशाला नाक खुपसू ताई, असं म्हणत ते हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

*

ओळ अठरावी. फ्यूज मी बसवला. दादा हात मांडीवर ठेवून बसला. डावीकडे अर्ध्या मैलावर पक्षी धपाधप पडत होते. त्याची बोटं मांडीवर नुसती हलली. बोट सरळ पुढे गेली. बावीस मैल. मासे: शून्य.

ओळ संपली तसा दादा बाहेर गेला, लाटांकडे बराच वेळ बघत राहिला आणि आत येऊन म्हणाला, "वारा फिरतोय. परत जाऊ."

आभाळ निळं होतं. सकाळच्या हवामानाच्या बातमीत काहीच नव्हतं. दोन ओळी बाकी होत्या.

"आता तुझं काय काय खरं मानू?" मी विचारलं.

मी बोट एकोणिसाव्या ओळीकडे वळवली.

*

सहा मैल गेलो असू. क्षितिज काळं पडलं. मग वारा आला. आला तो थेट अंगावरच!

दादाने ऑटोपायलट बंद केला, सुकाणू धरलं. पहिल्या लाटेने नाळ, म्हणजे बोटीचं नाक, आभाळाकडे उचलली. दुसरीने खाली आपटली. तिसरी केबिनची काच फोडून आत आली. गुडघाभर पाणी! नकाशे तरंगू लागले.

मी आणि मिस्त्री नळ वर घ्यायला धावलो. नळ हलेना. बिजागरी वाकली होती! पाण्यातला तो लोखंडी पाय बोटीला धरून ठेवत होता आणि बोट त्याच्याभोवती गरकन फिरून लाटांना आडवी होत होती. आणखी एक मोठी लाट, की उलटलोच!

नळ तोडायलाच हवा होता. साउंडरसकट. उरलेल्या ओळींसकट.

मिस्त्रींनी दोन बोल्ट करवतीने कापले. तिसरा अर्धा कापला आणि पातं तुटलं. मी घण उचलला. पण नळावर पाण्याचा दाब असताना बोल्ट तुटला असता, तर नळ उसळून आमच्याच छातीत बसला असता.

फुटक्या काचेतून दादाचा आवाज आला. "डावी बाजू वर काढतो. तीन म्हटल्यावर मार. आधी नको, नंतर नको!"

घण डोक्यावर. पाय निसटत होते. मला फक्त त्याची पाठ दिसत होती.

"एक."

लाट दिसली. घरापेक्षा उंच.

"दोन."

हाच माणूस. हाच आवाज.

"तीन!"

मी मारला. बोट उजवीकडे कलली, नळ रिकाम्या हवेत लटकला, तुटला, गेला. नाळ वळली. लाट समोरून आली आणि खालून निघून गेली.

त्याने मोजलं आणि मी विश्वास ठेवला. आकडा बरोबर होता.

*

बंदरात आलो तेव्हा जाळी चढवून बोटी निघायला तयार होत्या. धक्क्यावरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. दादाने दोर बांधला आणि उतरायला हात पुढे केला. मी कठड्याला धरून उतरले.

अहवालात मी लिहिलं: यंदा अंदाज देता येत नाही. मागच्या तीन वर्षांचे आकडे रद्द समजावेत. नवी मोजणी होईपर्यंत जाळी टाकू नयेत. खाली सही केली.

चार वर्षांपूर्वी सुकाणूसाठी दुसऱ्या बंदरातला माणूस ठरला होता. त्याच्याऐवजी दादाला घ्या, असं मी सांगितलं होतं.