एक, पाच, पंधरा

दीपिकाने डोळे मिटले, मनातल्या मनात मार्कंड्याच्या महादेवाला हात जोडले आणि भिंतीवरचा खटका खाली पाडला.

कोपऱ्यात घरघरणारी ती काळी पेटी एका दमात गप्प झाली. खोलीत इतकी शांतता पसरली, की वडशाच्या स्टेशनात मालगाडीचे डबे एकमेकांना टेकल्याचा आवाजही स्वच्छ ऐकू आला... आणि नेमकं तेव्हाच दारातून कुणीतरी म्हणालं,

"अरे अरे... मारलं का जी तिले?"

ती वळली. दारात एक उंच, सावळा मुलगा उभा होता. खांद्याला बॅग आणि केसांवर परतीच्या पावसाचे चार थेंब. तेही पडू की नको, अशा विचारात थांबलेले.

"मारलं नाई," दीपिका म्हणाली. तिचा आवाजच असा हलका, की ऐकणाऱ्याला जरा पुढं वाकावं लागे. तो वाकला. "वाचवलं. कॉम्प्युटरवरचे आकडे वाढून राह्यले होते. आधी सव्वा, मंग सहा, मंग आठ... अजून थांबली असती तर जळली असती मशीन."

"आधी... मंग... मंग?" तो हसला. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, म्हणून तिला जास्तच लाज वाटली. "पोथीसारखं वाचलं तुम्ही. पण हे उलटं रायते. पहिला आकडा सरत्या एका मिनिटाचा. दुसरा पाच मिनिटांचा, तिसरा पंधरा मिनिटांचा. म्हणजे मघा आठ होता लोड, आता सव्वावर आला. बिचारी शांत होऊन राह्यली होती, अन् तुम्ही गळा दाबला!"

दीपिकाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मले कोणी सांगतलंच नाई," ती पुटपुटली.

"म्हणून तर मी आलो न," तो म्हणाला. आणि त्या 'न' वर त्याने उगाचच थोडा वेळ घेतला.

त्याचं नाव प्रफुल. गोंडपिपरीचा. वेबसाइट बनवून देणाऱ्या चंद्रपूरच्या कंपनीने त्याला पाठवलं होतं. इतकी वर्षं गावोगावची मंडळं वडशाला येत, नाटक कंपन्यांच्या ऑफिसांचे उंबरे झिजवत आणि मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवसासाठी नाटक ठरवून जात. यंदा पहिल्यांदाच सगळ्या कंपन्यांनी मिळून बुकिंग मोबाइलवर आणलं होतं. एकाच सोमवारी, सकाळी दहा वाजता, सगळ्यांना एकदम खुलं होणार होतं. ही खोली आणि ती काळी पेटी, म्हणजे बुकिंगचा सर्व्हर, सांभाळायचं काम दीपिकाचं. त्या सोमवाराला पंधरा दिवसही उरले नव्हते.

मग रोज सकाळी दोन खुर्च्या आणि कॉम्प्युटरचा एक पडदा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात ते तीन आकडे जुन्या घरातल्या निरांजनासारखे हलत असत.

"पण लोड म्हणजे काय जी, नेमकं?" एके दिवशी तिने विचारलं.

"धान खरेदी केंद्रावर गेल्या कधी?"

"बाबासोबत. दर साली."

"तिथी चार काटे आहेत समजा. आपल्या मशीनले पण चार काटे आहेत. चार जणांचं धान मोजून राह्यले, तर लोड चार. सगळे काटे कामात, कोणी खोळंबला नाई. सहा जण आले तर लोड सहा. दोघं रांगेत."

"अन् बारदाना संपला तर?" तिने सहज विचारलं. "मागच्या साली पोतेच नव्हते. काटे रिकामे, अन् रांग पार रोडपर्यंत."

प्रफुल तिच्याकडे पाहतच राहिला. आतापर्यंत तो शिकवत होता. आता क्षणभर तोच शिकणारा झाला.

"अवं... हे तर मले दोन साल लागले समजाले," तो म्हणाला. "तसंच होते इथी. काटे मोकळे असते, पण डिस्क लिहून देत नाई, म्हणून सगळे थांबून. अन् ते थांबलेलेही लोडात मोजल्या जाते."

"म्हणजे... नुसती वाट पाहणारे?"

"हो."

"मंग वाट पाहणं रिकामं बसणं नोहे?"

"नाई न," तो हळूच म्हणाला. "कधी कधी तेच सगळ्यात भारी."

पंखा फिरत होता. बेलाच्या पानाचा वास होता. तिने सकाळी देवाला वाहिलेलं एक पान रोज पेटीवर आणून ठेवलेलं असे. आधी एकच असायचं. हल्ली दोन असायची. दुसरं कुणासाठी, हे त्याने विचारलं नाही. पण संध्याकाळी जाताना ते त्याच्या शर्टाच्या खिशात गेलेलं असे.

तिची व्रतं त्याला हळूहळू कळत गेली. दिवा लावल्याशिवाय चहा नाही. गुरुवारी एकवेळ जेवण. तीन वर्षांपूर्वी आई दुखण्यातून उठली, तेव्हापासूनचा हा नेम.

"देवाकडं पण लई लोड झाला असन तुमचा," तो चिडवायचा.

"त्याच्याकडं काटे लई आहेत," ती खाली मान घालून म्हणायची.

एक नेम मात्र त्याला कळला नव्हता. पहिल्या शनिवारी तो गोंडपिपरीला घरी गेला आणि सोमवारी दुपारच्या बसने परतला. त्यामुळे दीपिकाची सोमवारची सकाळ त्याने कधी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात तो घरी गेला नाही. रविवारी संध्याकाळी दोघं वैनगंगेच्या काठाने चालत होते. काशाची पांढरी फुलं वाऱ्याने वाकत होती, उठत होती. पाण्यावर धुकं उतरायला लागलं होतं, आणि पलीकडचा काठ कुणीतरी बोटाने पुसल्यासारखा दिसत होता.

"मले हैदराबादले नोकरी लागली," प्रफुल एकदम म्हणाला.

धुकं आणखी थोडं जवळ आलं.

"उद्या बारा वाजेपर्यंत हो की नाई कळवाचं आहे. चंद्रपूरची कंपनी इथीच ठेवाले तयार आहे, वडशातच... पण मी ठरवूनच नाई राह्यलो." तो थांबला. आणि पहिल्यांदाच 'तुम्ही' सोडून म्हणाला, "तू सांग दीपिका. जाऊ?"

तिच्या ओठांशी एक शब्द आला. अगदी आला. पण काठावरच्या देवळात आरतीची घंटा वाजली, आणि तो शब्द बुजून आत पळाला.

"उद्या सांगते," ती म्हणाली. "सकाळी. नक्की."

त्या रात्री ती काय सांगायचं, कसं सांगायचं एवढंच घोळवत झोपली. पहाटे न्हाली, दिवा लावला, ओंजळीत पाणी घेऊन संकल्प सोडला... आणि पाणी ताम्हनात पडलं, तेव्हा तिला आठवलं. आज नुसता बुकिंगचा सोमवार नव्हता! सोमवारी दुपारी बारापर्यंत तिचं मौन. तीन वर्षांत एकदाही न मोडलेलं. चिठ्ठी लिहिणंही नाही. लिहून बोलणं म्हणजे मौनाला मागचं दार ठेवणं, असं ती मानायची.

साडेनऊला ती खोलीत आली, तर प्रफुल आधीच उभा होता. डोळे जागलेले.

"सांग," तो म्हणाला. "जाऊ मी?"

दीपिकाने दोन्ही हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. माझं मौन आहे, असं तिने सांगितलं.

विषय काढू नका, असं त्याने ऐकलं.

त्याचा चेहरा पाहताच तिच्या लक्षात आलं. तिने घाईने मान हलवली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. पण तो वळला होता. त्याने मोबाइल काढला होता. बोटं चालत होती. हैदराबादला पाठवायचं उत्तर... इतक्यात जिन्यावर काठी वाजली आणि बापूराव आत आले. वडशातल्या सगळ्यात जुन्या नाटक कंपनीचे मालक. हाती नवाकोरा मोबाइल, काखेत जुनी डायरी.

"इंजिनेर भाऊ, हे जमलं त ठीक. नाई जमलं त माही डायरी आहेच. अन् ह्या खोलीले कुलूप!"

दहा वाजले. प्रफुलने मोबाइल तसाच उलटा टेबलावर ठेवला.

दोन. चार. सात. पहिला आकडा चढत गेला. दहा मिनिटांत बारा! बापूरावांचा फोन खणखणू लागला. कुरखेड्याचं मंडळ, ब्रह्मपुरीचं मंडळ... सगळ्यांचं एकच म्हणणं, पानावर चक्री फिरते, पुढं काही होत नाही. प्रफुल कीबोर्डवर वाकला होता.

"काटे रिकामे आहेत," तो स्वतःशीच म्हणाला. "तरी रांग..."

बारदाना! दीपिकाला ओरडावंसं वाटलं. ओठ घट्ट मिटून तिने त्याच्यापुढे दोन्ही रिकाम्या तळव्यांनी पोत्याचं तोंड धरल्यासारखं केलं. तो क्षणभर गोंधळला... आणि मग उजळला.

"डिस्क! कोण काय चढवून राह्यलं इतकं?"

बापूराव खाकरले.

"मी आमच्या नाटकाचे ब्यानर टाकून राह्यलो जी. ह्या मोबाइलवरून. साठ-सत्तर असन. लोकायले दिसाले नाई पाहिजेन का?"

प्रफुलने बॅनरांचं काम थांबवलं. पण तोवर साडेदहा होत आले होते, फोन थांबत नव्हते, आणि बापूराव काठी आपटत होते. "बंद करा न चालू करा! माहा टीव्ही असाच चालू होते!"

दोन मिनिटं गेली. प्रफुलने कोपऱ्यात नजर टाकली. आज त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याची नजर शेवटच्या आकड्यावरच गेली. आठ पूर्णांक सात. "नाई उतरून राह्यला," तो म्हणाला, आणि त्याचा हात भिंतीवरच्या खटक्याकडे गेला. तो खटका पडला असता, तर अर्ध्यात आलेलं प्रत्येक मंडळ अर्ध्यातच राहिलं असतं.

दीपिकाने त्याचं मनगट धरलं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा. तिची बोटं गार होती, आणि त्याखाली त्याची नाडी धावत होती.

"सोड... आठच्या वर आहे अजून," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

तिने दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलं. पहिल्या आकड्यावर. अडीच. तो पाहत असतानाच दोन झाला. मग दीड.

प्रफुलने डोळे मिटले. "पोथीसारखं वाचलं मी," तो कुजबुजला.

फोन एकेक करून शांत झाले. मनगट सोडायचं मात्र दोघांच्याही लक्षात नव्हतं. बापूरावांच्या होतं.

"वा वा! मौनातही मशीन हाकते आमची पोरगी!"

"मौनात?"

"सोमवार नाई का आज? बाराच्या आत खुद्द महादेव आला, तरी ही बोलणार नाई. तुमाले माहीत नाई?" आणि म्हातारबाबा मिशीत हसत, डायरी काखेत दाबत जिना उतरले. "चहा पाठवतो जी. एकाचाच. तिचा उपास आहे."

खोलीत पंख्याचा आवाज उरला. प्रफुलने टेबलावरचा मोबाइल उचलला. अर्धं लिहिलेलं उत्तर त्यावर तसंच होतं. त्याने दीपिकाकडे पाहिलं. ओठांवरचं सकाळचं ते बोट त्याला आता नव्याने ऐकू येत होतं.

"थांबतो मी," तो म्हणाला. "बारापर्यंत."

मग ते दोघं बसले. तो तिच्याकडे पाही, ती आकड्यांकडे. मंडळांमागून मंडळं आपापली तारीख घेऊन समाधानाने जात होती. मशीनचा लोड एकाच्या खाली आला होता. पण या खोलीतला? तो मोजायला कुणाकडेच आकडा नव्हता. खिडकीतून नव्या धानाचा वास येत होता, ऊन फरशीवर बोटाबोटाने सरकत होतं.

राईस मिलचा बाराचा भोंगा वाजला.

दीपिकाने हात जोडले. मौन सुटल्यावर पहिला शब्द देवाचा.

"महादेवा..." मग तिने मान वर केली. "प्रफुल..."

आणि अगदी हळू, इतकं हळू, की त्याला पुन्हा पुढं वाकावं लागलं...

"थांब."

त्याचा श्वास सुटला. अंगठा मोबाइलवर फिरला. अर्धं उत्तर पुसलं गेलं, दोन अक्षरांचं नवं गेलं.

"तीनच शब्द?" त्याने विचारलं. आता त्याच्या डोळ्यांत खोडी होती. "अन् पंधरा दिवस मी वाट पाह्यली ते?"

"ते मोजल्या गेलं," ती म्हणाली. "पण नीट वाच. पोथीसारखं नको वाचू."

"मंग कसं?"

"तूच शिकवलं न," दीपिका म्हणाली. पेटीवरची बेलाची दोन पानं तिने उचलली. एक स्वतःच्या ओंजळीत ठेवलं, दुसरं त्याच्या. "पहिला महादेवाचा, आत्ताचा. दुसरा तुझं नाव, जरासा आधीचा... रोज ओठांवर येऊन माघारी जायचा. अन् तिसरा..."

"तिसरा?"

"तिसरा, 'थांब', सगळ्यात जुना. तू दारात उभा राहून 'मारलं का जी' म्हणाला... तवाचा."