घळीतली लिव्हर

खिंडीपलीकडच्या घळीत वर्षभर एक सायकल पडून होती, आणि ती आणायला दोघंच आपापल्या सायकलींवरून निघाली होती: सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री आणि त्याच्या मेलेल्या मित्राची बायको. सायकल त्या मित्राचीच. वर्षापूर्वी तो सायकलसकट घळीत कोसळला होता. त्याला वर काढलं होतं, सायकल तिथेच राहिली होती.

नवऱ्याची वस्तू घरी हवी, असं वहिनी म्हणाल्या होत्या. मिस्त्रीला काय हवं होतं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. अपघाताच्या आदल्या दिवशी मित्राच्या पुढच्या ब्रेकची लिव्हर त्यानेच बदलून दिली होती. त्या लिव्हरनेच दगा दिला असेल का? या प्रश्नाने त्याला पोखरून काढलं होतं. गिऱ्हाइकाशी तो हसून बोलायचा आणि पाठ वळली की त्याच्या सायकलची लिव्हर दहादा दाबून बघायचा.

चढ जीवघेणा होता. मुरमात चाकं रुतत होती, आणि वारा असा की सायकलीसकट माणूस उडावा!

"काय भावजी, दुकानात बसून बसून पोट सुटलं ना!" वहिनी म्हणाल्या. वर्षभरात त्यांनी केलेली ती पहिलीच थट्टा. मिस्त्रीला धड हसताही आलं नाही.

खिंड ओलांडली, उतार लागला, आणि वहिनींचं चाक दगडावरून निसटलं! त्या आपटल्या. सायकल दोन कोलांट्या खाऊन थांबली. मिस्त्री धावला. वहिनींचा गुडघा फुटला होता, आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर मुळापासून तुटली होती.

"ही एवढी कुणी आवळली?"

"मीच. आता मी काहीच सैल ठेवत नाही."

लिव्हर हँडलला धरून ठेवणारा पट्टा बेतानेच आवळायचा असतो. सायकल पडली तर लिव्हर हँडलवर फिरते आणि वाचते. हे मिस्त्री एरवी सगळ्यांना ओरडून सांगायचा. वहिनींवर ओरडणं त्याच्याने होईना.

समोरून काळे ढग चढत होते. दुखऱ्या पायाने चालत जायचं तर वादळ गाठणार, आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर तो उतार उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. मिस्त्रीने आपली काढून दिली तर त्याचाच ब्रेक जाणार. जवळपास जास्तीची लिव्हर एकच होती. घळीत!

सायकली ढकलत ती दोघं मित्र कोसळला होता त्या जागी पोचली. मिस्त्रीने सोबत आणलेला दोर खडकाला बांधला आणि उतरू लागला. पायाखालचा दगड सुटला! तो लोंबकळला. खांदा कातळावर आदळला. दात-ओठ खात त्याने दोर धरून ठेवला आणि कसाबसा तळ गाठला.

सायकलचं मागचं चाक पार वाकलं होतं. पुढचं शाबूत होतं. लिव्हर हँडलवर आडवी फिरली होती, पण तुटली नव्हती. त्याने ती दाबली. गंजाने कुरकुरली, तरी दबली, आणि ब्रेकचे रबर चाकाला जाऊन भिडले. चाक जोर लावूनही हलेना. त्याने वर पाहिलं. वाटेची कड तिथे हातभर खचलेली होती. दगा त्या कडेने दिला होता. मिस्त्री त्या सायकलशेजारी बसला आणि ढसाढसा रडला.

वर आला तेव्हा त्याच्या हातात फक्त लिव्हर होती.

"सायकल नाही निघणार, वहिनी. वादळ आलंच. तुम्ही एवढ्या आशेने आलात..."

"मी सायकलसाठी नाही आले, भावजी. वर्षभर तुम्हाला दुकानात लिव्हरी दाबताना बघतेय. तुमची चूक नव्हती हे तोंडाने सांगून तुम्हाला पटलं असतं का? दाबून बघितलीत ना?"

त्याने मान हलवली.

"लागला ब्रेक?"

"लागला."

वहिनींनी ती गंजकी लिव्हर हातात घेतली. जिथे नवऱ्याची बोटं शेवटची टेकली होती तिथे त्यांनी आपली बोटं ठेवली, आणि मग त्यांनाही रडू आवरेना.

मिस्त्रीने गंज पुसून तेल सोडलं आणि वहिनींच्या सायकलची केबल तिच्यात ओवली. शेवटचा स्क्रू वहिनींनी स्वतः आवळायला घेतला. दोन फेरे दिले आणि त्या थांबल्या.

"एवढं पुरे?"

मिस्त्रीने जोराने ढकलून पाहिलं. लिव्हर किंचित फिरली.

"पुरे."

पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा दोघं उताराला लागली होती. पुढे वहिनी, मागे मिस्त्री. प्रत्येक वळणावर वहिनींनी ब्रेक दाबला की ती लिव्हर कुरकुरत होती, आणि तो आवाज थांबेपर्यंत मिस्त्री कान देऊन ऐकत होता.