दगडांच्या वर्गातला आठवा

"तू जा पुढे," तो म्हणाला.

"नको नको, तू आधी आला होतास."

"मला काही घाई नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले. साफ थाप होती ती. माझा जीव नुसता वरखाली होत होता.

आमच्या मागची बाई कंटाळून म्हणाली, "तुमचं लग्न ठरत असेल तर बाहेर जाऊन ठरवा. मला पुढे सोडा."

तो हसला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. आणि मी… मी पटकन खिडकीशी गेले.

कॉलेजातल्या आर्थिक मदतीच्या ऑफिसची ती खिडकी. जून उजाडला होता, पण आमच्या डुलुथ शहरात सरोवरावरचं धुकं अजून रस्त्यांवर रेंगाळत होतं. रांगेतल्या सगळ्यांच्या अंगात जाकिटं होती.

माझं गणित सोपं होतं. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा दुसरा भाग उन्हाळ्यात पुरा केला, तरच पुढे युनिव्हर्सिटीत मिळालेली माझी जागा राहणार होती. कोर्स चार क्रेडिटचा. पण उन्हाळ्याचं कर्ज मिळायला कमीत कमी सहा क्रेडिट लागतात. म्हणून मी दोन क्रेडिटचा आणखी एक कोर्स घेतला होता, माझ्या वेळेत बसणारा एकमेव: 'सरोवराकाठचे दगड'.

"ब्रेना कोस्केला," खिडकीतल्या बाईंनी माझं नाव वाचलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला की बातमी वाईट असते. "हे बघ, दगडांच्या वर्गात सातच जण आहेत. शुक्रवारी पाचपर्यंत आठवा आला नाही, तर वर्ग रद्द."

"आणि माझं कर्ज?"

"वर्ग नाही तर दोन क्रेडिट नाहीत, बाळा. आणि दोन क्रेडिट नाहीत तर…" त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. आमच्याकडे वाईट बातमी अशीच देतात, अर्धी.

मी वळले. तो तिथेच होता, हातात सही करायचा कागद घेऊन.

"तुला दगड आवडतात?" मी विचारलं.

"काय?"

"दगड. रंगीत पट्ट्यांचे अ‍ॅगेट वगैरे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, किनाऱ्यावर."

"माझा आजा खाणीत होता, बाप खाणीत होता," तो म्हणाला. "दोघांनी जन्मभर दगड फोडले, पगार घेऊन. आणि मी पैसे देऊन दगड बघायला जाऊ? घरी कळलं तर जेवायला वाढणार नाहीत."

मला हसू आलं. रडूही येत होतं, पण हसू आधी आलं.

त्याचं नाव मायलो व्हुकेलिच. उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणींच्या गावातला. इथे डिझेल इंजिनांचं काम शिकत होता आणि दुपारी किनाऱ्यावरच्या धुरी दिलेल्या माशांच्या दुकानात उभा राहायचा. हे सगळं मला जिना उतरेपर्यंत कळलं. त्याचे डोळे धुक्यासारखेच राखाडी आहेत, हेही.

त्यानंतरचे दिवस मी कुठे बसू शकले नाही. मैत्रिणीला विचारलं, मावसभावाला विचारलं, बसच्या ड्रायव्हरलासुद्धा विचारलं. तो म्हणाला, "पोरी, माझ्या किडनीत आहेत तेवढे दगड पुरेत." प्रयोगशाळेत मी तीच परीक्षानळी पुन्हा पुन्हा धुवायचे. आणि दार वाजलं की मान वर… आठवा विद्यार्थी आला म्हणून, की मायलो आला म्हणून? दोन्ही एकाच भांड्यात मिसळलं होतं. वेगळं करता येत नव्हतं.

बुधवारी तो खरंच आला. हातात कागदात गुंडाळलेला मासा.

"दुकानात जास्त झाला होता," तो म्हणाला. मेपलच्या धुराचा गोडसर वास खोलीभर पसरला.

"प्रयोगशाळेत खायला बंदी आहे."

"मग वास घे. वासाला बंदी नाही ना?"

मी दुसऱ्यांदा विचारलं. "मायलो, येतोस का वर्गाला?"

त्याने बुटाकडे पाहिलं. "नको गं… माझ्यासारखा कशाला तुमच्यात. उगाच तुला त्रास."

आता इथली रीत अशी: कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा, तुम्हाला कशाला त्रास, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. यजमान तिसऱ्यांदा विचारायला विसरला, तर पाहुणा उपाशी घरी जातो आणि वाटभर म्हणतो, काय छान माणसं होती!

मला रीत माहीत होती. तरी मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर तो आला असता, निव्वळ सभ्यपणाने. आणि मला तो सभ्यपणाने नको होता… हे मला तेव्हाच, त्या धुराच्या वासात, लख्ख कळलं. मोठी गैरसोयीची वेळ निवडली होती कळायला.

"बरं," मी म्हणाले.

"बरं," तोही म्हणाला. आणि गेला.

शुक्रवारी दुपारपर्यंत सातच नावं होती. चार वाजून गेल्यावर मी जाकीट चढवलं आणि धुक्यातून धावत सुटले. समोरचं काही दिसत नव्हतं, माशाच्या वासावरून दुकान सापडलं.

मायलो काउंटरमागे होता. मला पाहताच हातातली सुरी खाली ठेवून म्हणाला, "तू तिसऱ्यांदा विचारलंच नाहीस!"

"तू खरंच नाही म्हणतोयस असं वाटलं मला!"

"दोनदा नाही म्हणजे नाही? कुठल्या देशातली आहेस तू?"

रांगेतले आजोबा म्हणाले, "अगं, विचार की आता. मला ट्राउट घेऊन घरी जायचंय."

पण मी आधी खरं ते सांगितलं. सांगितल्याशिवाय राहवेना. "ऐक. उन्हाळ्याच्या फीसाठी कॉलेजची मदत घेतलीस तर ती तुझ्या एकूण वाट्यातून वजा होते. पुढे शेवटच्या सत्रात तुला कमी पडेल. माझ्यासाठी तसं करू नकोस."

"माहितीये. काल खिडकीवर जाऊन विचारून आलो. मदत नाही घेत. या माशांच्या पगारातून भरतोय."

"काल?" माझा आवाज चिरकला. "काल विचारून आलास आणि नाव नाही घातलंस?"

"बोलावल्याशिवाय कसं जायचं?"

मी तिसऱ्यांदा विचारलं, तसा त्याने नाव घालायला फोन काढला. त्याची बोटं तेलकट, फोन काही ऐकेना. शेवटी तो सांगत गेला आणि मी त्याचं नाव भरलं. पाचाला थोडाच वेळ उरला होता. यादी उघडली.

मायलो व्हुकेलिच. नववा.

मी पुन्हा मोजलं. तेवढ्यात वर्गाच्या शिक्षिका, हाउगेन बाई, यांचा निरोप माझ्या फोनवर आला: "सगळ्यांना आनंदाची बातमी. आठवा विद्यार्थी म्हणून मी माझ्या नवऱ्याचं नाव घातलं आहे. त्याला अजून माहीत नाही."

वर्ग वाचला होता. कर्ज वाचलं होतं, केमिस्ट्री वाचली होती. छातीतलं आठवडाभराचं धडधडणं थांबायला हवं होतं… थांबलं नाही.

मी फोन मायलोसमोर धरला. "सोमवारपर्यंत नाव काढलंस तर पैसे सगळे परत मिळतात."

त्याने वाचलं. खांदे जरासे पडले. "म्हणजे माझी गरज नाही आता."

"नाही."

"काढू मग नाव?"

बाहेर बंदराचा भोंगा वाजला, लांबलचक. आजोबांनी घसा खाकरला.

"आठवडाभर मला काही कळत नव्हतं," मी म्हणाले. "तू हवायस की एक विद्यार्थी हवाय, ते. आता विद्यार्थी मिळाला. आणि तरी…"

"तरी?"

"तरी मी इथून हलत नाहीये. बघतोयस ना?"

तो काउंटरच्या या बाजूला आला. एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि तसेच अवघडून धरून उभा राहिला.

"माशांचा वास येईल हाताला," तो म्हणाला. "दोन दिवस जात नाही."

मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.