घुंगरू सोडलेले प्रथिन

बालवाचकहो, जी वस्तू कोणत्याही भिंगातून दिसत नाही, तिची ठेवण मनुष्य तिच्या स्वरांवरून कशी ओळखतो, याचे यथामती निवेदन मी येथे करणार आहे. ते सावधान चित्ताने वाचावे, ही विनंती.

सन २०६८. संगमेश्वराजवळच्या एका गावी कुमुदिनी नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत असे. तिचे वडील जांभ्या दगडाच्या खाणीत चिरे काढीत. मागील वर्षी तेथे त्यांना विंचू चावला व ते मरता मरता वाचले. तेव्हापासून ते कामास निघाले की कुमुदिनी त्यांचे बूट उलटे करून झटकीत असे.

तिच्या आईचे काका, शास्त्रज्ञ विश्राम आजोबा, गावातल्या आपल्या प्रयोगशाळेत त्या विषावर उतारा शोधीत होते. त्या विषातील घातक द्रव्य म्हणजे एक लहान प्रथिन (सजीवांच्या शरीरात तयार होणारा मोठा रेणू). त्यास मिठी मारून निकामी करील असे दुसरे प्रथिन आजोबांनी घडविले होते; परंतु ती मिठी सुटत असे. कोठे सुटते, हेच कोडे होते.

सूक्ष्मदर्शकातून का पाहत नाही, असे कुमुदिनीने विचारले. ही जोडी अतिसूक्ष्म असून पाण्यात सतत हलते, असे सांगून आजोबांनी तिला रांजणाएवढे एक चुंबक दाखविले. हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक हेही चिमुकले चुंबकच असते. त्यास मोठ्या चुंबकात ठेवून रेडिओलहरींनी डिवचले, की ते आपल्या स्वरात उत्तर देते. शेजारी बदलला की स्वरही किंचित बदलतो. यास चुंबकीय अनुस्पंदन (चुंबकात ठेवलेल्या केंद्रकांनी लहरींना दिलेला प्रतिसाद) म्हणतात. जेथले स्वर बदलले, तेथे मिठी बसली असे समजावे.

परंतु दोन्ही प्रथिने एकदम बोलू लागली तर गोंधळ होणार.

"जाखडी नाच शिकवताना नाचणाऱ्यांच्या एकाच फळीचं ऐकायचं असलं, की गुरुजी काय करतात?" आजोबांनी विचारले.

"दुसऱ्या फळीला घुंगरू सोडायला लावतात."

आजोबांनीही तेच केले. उताऱ्याचे प्रथिन बनविणारे जिवाणू त्यांनी एका चंबूत जड पाण्यात (ज्यातील हायड्रोजन दुप्पट वजनाचा असतो) वाढविले. जड हायड्रोजन त्या स्वरांत बोलत नाही, म्हणून ते प्रथिन मुके होते.

परीक्षणाच्या दिवशी मात्र मुके प्रथिन कुजबुजू लागले. आजोबा चकित झाले. कुमुदिनीचा चेहरा उतरला. घरी पाणी भरण्याचे काम तिचेच असे, आणि अर्धे भांडे तिला पाहवत नसे.

"आजोबा, त्या चंबूत मीच पाणी ओतलं. विहिरीचं."

"घरी आई तीनदा हाक मारते तेव्हा उठतेस, आणि इथे न सांगता पाणी भरलंस होय?"

साध्या पाण्यातला हायड्रोजन त्या प्रथिनात शिरला होता. तिला रडू आवरेना. वडील तर रोज खाणीत जात होते. आजोबा तिच्याजवळ बसले. "तू सांगितलंस म्हणून तीन आठवडेच गेले. गप्प राहिली असतीस, तर मी चुकीच्या जागी औषध सुधारत बसलो असतो."

सारे पुन्हा केले. या वेळी विषाचेच स्वर स्वच्छ आले. दोन बाजूंचे बदललेले होते, त्या प्रथिनाच्या शेपटीकडचे, म्हणजे टोकाकडचे, मात्र होते तसेच. मिठी तेथेच सैल होती. आजोबांनी उताऱ्याचा तेवढाच भाग बदलला. सर्व चाचण्या होऊन औषध गावच्या दवाखान्यात येण्यास दोन वर्षे लागली.

त्यानंतर खाणीत तिच्या वडिलांना पुन्हा विंचू चावला. दवाखान्यात तेच औषध टोचून घेऊन सायंकाळी ते स्वतःच्या पायांनी घरी आले आणि आजोबांचे पाय धरू लागले. आजोबांनी त्यांना उठवून कुमुदिनीकडे बोट दाखविले.

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय, तू खरं बोललीस, म्हणून मी घरी आलो."

मग कुमुदिनीने आजोबांना विचारले, फुरसे या सापाच्या विषाचे स्वर कधी ऐकायचे. आजोबांनी तिच्या हाती रिकामा चंबू दिला.

हे निवेदन ज्यांनी येथवर वाचले, त्या लहानथोर सर्वांचा मी अंतःकरणापासून ऋणी आहे.

धोंडू गोपाळ शिवगण