सावलीचं ताट

डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली, प्रवासी पाय मोकळे करायला उतरले आणि सहलीची गाइड हिसाए हिने मुक्कामाच्या सराईला फोन लावला. रोजचंच काम. कधी पोचू ते सांगायचं, कोळंबी कुणाला चालत नाही, खाली बसायला कुणाला जमत नाही, याची आठवण करून द्यायची. फोन मालकीणबाईंनीच उचलला. फुमिनोकाकूंचा आवाज अलीकडे फार बारीक झाला होता.

"आणि काकू, एक सावलीचं ताट लागेल."



"कुणासाठी गं?"

"एक आजोबा आहेत. त्यांच्या बायकोसाठी. फोटो आहे बरोबर."

"बरं," काकू म्हणाल्या. "मांडते."

जेवायला जो नाही त्याच्यासाठी वाढायचं ते सावलीचं ताट. या सहलीत क्योतोच्या पहिल्या मुक्कामापासून हिसाए प्रत्येक जेवणाला ते मागत आली होती, आणि कुठल्याही स्वयंपाकघराने तिला दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

उकाईआजोबा जन्मभर कागदाची सरकती दारं बनवत आले होते. शरदातली लाल पानं बघायची ही सहल त्यांच्या बायकोनेच उन्हाळ्यात दोघांसाठी ठरवली होती. पानं लाल व्हायच्या आधी ती गेली. आजोबांनी तिची जागा रद्द केली नाही. चौकटीतला फोटो त्यांनी खिडकीच्या सीटवर ठेवला, त्याला पट्टा लावला, आणि स्वतः वाटेच्या बाजूला बसले.

सहल निघाली तेव्हा नागोया स्टेशनवर त्यांची मुलगी हिसाएला बाजूला घेऊन गेली होती.

"बाबांची बॅग मी भरली होती," ती म्हणाली. "सकाळी उघडून बघितली, तर येतानाचे कपडे त्यांनी काढून ठेवलेत. शेवटच्या दिवसाचे. बाकी सगळं आहे." तिने हिसाएची बाही धरली. "परत आणा त्यांना. एवढंच करा."

"आणीन," हिसाए म्हणाली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत हा शब्द तिने किती जणांना दिला असेल. या वेळी तो तोंडातून निघाला आणि तसाच छातीवर बसला.

तिला दमायला झालं होतं. हे दमणं त्या दिवसाचं नव्हतं. गाइडचं तोंड सदा मागे, प्रवाशांकडे. गाडी पुढे जात असते आणि तिला दिसतो तो मागे पडलेला रस्ता. पूर्वी डोळ्यांच्या कडेला ड्रायव्हरचा एक खांदा दिसत असे, तो तिच्या नवऱ्याचा. तो जाऊन दुसरा हिवाळा येत होता. आता त्या जागी नव्या ड्रायव्हरचा, तोगाशीचा खांदा असायचा. मुलगा चांगला होता, गाडीही जपून चालवायचा. नवऱ्याचं सगळं आटोपल्यापासून हिसाएने एकही सहल नाकारली नव्हती. घरापेक्षा बस बरी. बसमध्ये कुणीतरी काहीतरी बोलत असतं.

त्या दुपारी डोंगरातल्या देवळात सगळ्यांचे फोटो काढून झाले आणि बस वर चढू लागली, तशी मागच्या सीटवरच्या शिगेकोबाईंना गप्प बसवेना.

"आजोबा, खिडकी बायकोला आणि तुम्ही आपले वाटेवर! आमच्या ह्यांनी जन्मात कधी खिडकी सोडली नाही."

"मग आता घे की," शेजारी बसलेली त्यांची बहीण म्हणाली. "आता कोण अडवतंय तुला?"

"घेतली आहे ना! नको तिथे आता वारा लागतो."

सगळी बस हसली. आजोबाही हसले. मग फोटोची चौकट सरळ करत, जणू हवापाण्याविषयी बोलावं तसं म्हणाले, "ती वर भेटते म्हणाली होती. वर म्हणजे नेमकं कुठे, ते विचारायचं राहिलं."

त्यावर कुणी हसलं नाही. हिसाएने माइक उचलला आणि पुढच्या धबधब्याची माहिती सांगायला घेतली.

सराईत पोचेपर्यंत दरीत धुकं भरलं होतं. ओल्या लाकडाचा आणि गंधकाच्या पाण्याचा वास अंगणापर्यंत आला होता. मंडळी गरम पाण्यात डुंबून, सराईचे सुती किमोनो घालून, लालबुंद चेहऱ्यांनी जेवायला बसली. मोठ्या खोलीत प्रत्येकासमोर पाय असलेलं छोटं ताट. या घरात भात अजून लाखेच्या वाडग्यात, झाकण घालूनच येतो.

फोटोपुढचं ताट फुमिनोकाकूंनी स्वतः आणलं. गुडघ्यांवर बसून भाताचा वाडगा त्यांनी फोटोच्या बाजूला वळवला.

"आमच्या लहानपणी हे गेलेल्यांसाठी नसायचं," त्या म्हणाल्या. "परगावी असलेल्यांसाठी. लढाईवर गेलेल्यांसाठी. घरची माणसं जेवली की आई झाकण उचलून बघायची. आतून पाणी सुटलेलं असलं, की माणूस खुशाल. कोरडं निघालं, तर आई त्या दिवशी कुणाशी बोलायची नाही."

"अहो, गरम भातावर झाकण ठेवलं की पाणी सुटणारच," शिगेकोबाई म्हणाल्या.

"हो ना. भात तर गरमच असायचा."

शिगेकोबाईंनी झाकण उचलून उलटं केलं. थेंब टपटप पडले. "मी खुशाल आहे, लिहून घ्या! तुझं बघू गं?" बहिणीचंही ओलं. मग खेळच सुरू झाला. झाकणं उचलली जाऊ लागली. तोगाशीने आपलं झाकण हलवून शेजाऱ्याच्या अंगावर पाणी उडवलं आणि शिव्या खाल्ल्या.

आजोबांनी बायकोच्या वाडग्यावरचं झाकण उचललं. पाणी नुसतं सुटलं नव्हतं, धार लागली. त्यांची बाही भिजली.  मग त्यांनी आपलं झाकण उचललं. भातातून वाफ चढत होती. झाकणाची आतली लाख मात्र कोरडी होती, आत्ताच कुणी फडक्याने पुसून घ्यावी तशी.

समोर बसलेल्या हिसाएने ते पाहिलं. ती उठली.

"आजोबा, गार झाला वाटतं तुमचा भात. थांबा, बदलून आणते."

स्वयंपाकघरात तिने दुसरा वाडगा घेतला, भांड्याच्या तळातला कढत भात स्वतःच्या हाताने वाढला, झाकण दाबून बसवलं. वाडगा हाताला चटका देत होता. तेवढ्याशा बोळात तिला राहवलं नाही. तिने झाकण उचललं. वाफ तिच्या तोंडावर आली, चष्म्याची काच धुरकटली. झाकण कोरडं.

बोळाच्या टोकाला फुमिनोकाकू उभ्या होत्या.

"दुसऱ्या वाडग्यातही?" त्यांनी विचारलं.

हिसाएने झाकण उलटं करून त्यांना दाखवलं.

"तिच्या वाट्याचं त्यांना खाऊ देऊ नकोस."

"काकू, वाढलेलं शेवटी घरचंच माणूस खातं ना. टाकतात थोडंच..."

"नुसतं वाढलेलं खातात. पण आज ते तिला पोचलंय. तिने हात लावलेलं अन्न तिकडचं झालं." काकूंनी आवाज आणखी खाली आणला. "तिकडचं जेवलेलं माणूस इकडे राहत नाही, हिसाए. एवढं तर तुलाही माहीत आहे."

माहीत होतं. मेलेल्यांच्या बाजूला एकदा अन्न घेतलं की परतीची वाट बंद, हे त्या देशात लहान मुलांनाही माहीत असतं.

ती परत आली तेव्हा खोली रिकामी व्हायला लागली होती. पलीकडच्या दालनात गाण्यांचं यंत्र लागलं होतं आणि शिगेकोबाई बेसूर गात होत्या. आजोबा जागेवरून हलले नव्हते. त्यांनी बायकोचा वाडगा हातात घेतला होता.

"तुम्ही जा, गाइडबाई. आम्ही दोघं जेवतो."

"आजोबा, ते ताट आता आत जाऊ दे. इतके दिवस तुम्ही परतच पाठवत होता."

"इतके दिवस ती आली नव्हती." त्यांनी वाडगा तिच्या बाजूला कलता केला. "आज आली. हे बघा..."

भात वर गुळगुळीत होता. मधोमध मात्र एक खळगा होता. जेवायच्या काड्यांच्या टोकाने बेताने एक घास उचलल्यासारखा. आजोबांच्या काड्या अजून कागदातच होत्या. फोटोपुढच्या काड्यांची टोकं ओली होती.

पलीकडचं गाणं थांबलं. टाळ्या झाल्या. मग दुसरं गाणं सुरू व्हायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात हिसाएला कुणीतरी अगदी सावकाश घास चावत असल्याचा आवाज आला.

आजोबांचं तोंड मिटलेलं होतं.

"मुलगी वाट बघतेय तुमची," हिसाए म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी शब्द दिलाय तिला."

"तिला कळेल हो. लहान नाही ती."

"नाही कळत." हिसाए त्यांच्यासमोर बसली. "लोक म्हणतात, हळूहळू कळेल. मी वाट बघितली. नाही कळत, आजोबा. नुसतं उठायचं, कामाला जायचं..."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, वाडगा खाली ठेवतील. मग त्यांची नजर तिच्या बाजूच्या रिकाम्या चटईकडे गेली, चेहरा उजळला, आणि त्यांनी काड्यांचा कागद फाडला.

हिसाएने वाडगा त्यांच्या हातातून ओढून घेतला. तो ओढ्यातल्या दगडासारखा गार होता. आत्ताच तर त्याच्या झाकणातून वाफेचं पाणी गळत होतं. तिने काड्याही घेतल्या नाहीत. बोटांनी, आधाशासारखा, तो भात तोंडात कोंबला. त्याला चव नव्हती. जुन्या कपाटासारखा वास मात्र होता. घशाखाली उतरेना, तरी ती गिळत राहिली. शेवटची शितं तिने वाडगा निपटून खाल्ली.

आजोबांनी तिला अडवलं नाही. त्यांचे हात तसेच, वाडगा धरल्यासारखे, हवेत राहिले होते.

"तिने तुम्हाला नव्हतं बोलावलं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

ते रडायला लागले. लहान मुलासारखे, तोंड उघडं टाकून. हिसाएने त्यांच्या पाठीवर हात फिरवला, आणि सोबतीला तोगाशीला त्यांच्याच खोलीत झोपायला लावलं. सराईवाल्यांनी त्यांचं ताट उचललं तेव्हा झाकण कसं होतं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही.

सकाळी धुकं विरलं होतं. सराईची सगळी माणसं फाटकात उभी राहून, बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिली. फुमिनोकाकू तेवढ्या हात खाली ठेवून उभ्या होत्या.

उकाईआजोबा खिडकीशी बसले होते. फोटो दिसत नव्हता.

"बॅगेत ठेवलाय," ते म्हणाले. रात्रीत त्यांचा आवाज नुसत्या म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. थोडा कुरकुरणारा, थोडा भुकेला. "तुमच्या हातातलं सामान ठेवा हवं तर इथे. जागा रिकामी आहे."

"आणि त्या...?"

"माझ्याकडे नाही आता." हिसाएच्या खांद्याकडे पाहून त्यांनी पटकन मान फिरवली. नंतर सबंध प्रवासात त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

तिने घसा साफ केला आणि माइक हातात घेतला. धबधबे सांगितले, देवळं सांगितली. शिगेकोबाईंनी सगळ्यांना लोणच्याचे तुकडे वाटले. आजोबांनी दोन वेळा मागून घेतले.

नागोयाला दिवे लागायच्या सुमाराला पोचले. मुलगी बसच्या दाराशीच उभी होती. आजोबा उतरले आणि उतरल्या उतरल्या तिच्यावर करवादले, "हा कसला स्वेटर दिलास? सगळं अंग खाजतंय. आणि भूक लागलीय मला." मुलगी हसता हसता रडू लागली. बाबांचा दंड घट्ट धरून ती हिसाएसमोर कितीदा तरी वाकली.

"आणलंत," ती म्हणत होती. "आणलंत तुम्ही."

हिसाएही वाकली. बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलंही, पण कुठेतरी दूर, दुसऱ्या कुणाला वाटावं तसं.  एरवी ती भुयारी रेल्वेने घरी जायची. आज जिने उतरायची कल्पनाच सोसवेना. ती टॅक्सीच्या रांगेत उभी राहिली.

टॅक्सीचं दार आपोआप उघडलं. ती आत बसली, छोटी बॅग मांडीवर घेतली, डोकं मागे टेकलं. दार मिटलं नाही. पांढऱ्या हातमोज्यांचा ड्रायव्हर आरशात बघत अदबीने थांबला होता.

"जरा आत सरकायला सांगता का त्यांना, बाई?" तो म्हणाला. "किमोनोची कड दारात येतेय."

हिसाएने शेजारी पाहिलं नाही. समोरच्या सीटच्या पांढऱ्या अभ्र्यावर तिने नजर धरून ठेवली. जुन्या कपाटाचा वास आला. मग ती, जागा पुष्कळ असूनही, थोडी पलीकडे सरकली.

दार अलगद मिटलं.

घरचा पत्ता सांगायला तिने तोंड उघडलं. त्याआधीच ड्रायव्हरने आरशात तिच्या शेजारच्या जागेकडे बघून मान लववली.

"बरं बरं. कळलं, आजी," तो म्हणाला, आणि टॅक्सी तिच्या घराच्या उलट दिशेला वळली.