सैल बिलगलेले कण

प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमध्ये सिंधूने पाण्याच्या ग्लासात दोन चमचे रागी माल्ट टाकलं, गर्रकन ढवळलं आणि ग्लास उजेडात धरून ती त्याच्याशीच भांडू लागली.

"कुठे हायत रे गाठी? दाखव ना! अहवालावर सही करणाऱ्याचे डोळे फुटले होते काय?"

समोरच्या तरुणाचा इडलीचा घास हातातच राहिला.

"सही... माझी आहे," तो हळूच म्हणाला. "मी सुयश. पुण्याचा."

अय्यो! या कन्नड शहरात कुणाला आपली मराठी कळणार, म्हणून तर ती मोठ्याने बोलली होती. कानाच्या पाळ्या तापल्या, पण माघार घेईल ती सिंधू कसली! शहराला लागूनच असलेल्या हिनकलच्या मराठी शिंप्याच्या घरातली ती. वडील, रंगराव, अजून मशीनवर बसत. तिने मात्र घरामागच्या शेडमध्ये रागीला, म्हणजे नाचणीला, मोड आणून, भाजून, दळून माल्ट विकायला सुरुवात केली होती. बन्नूरच्या अकरा बालवाड्यांची ऑर्डर मिळाली, आणि अहवालातल्या एका शब्दाने ती अडवली – 'अ‍ॅग्रिगेट्स आढळले.'

"म्हणजे काय हो? भेसळ?"

"छे, छे! कण एकमेकांना पक्के जडलेले... कितीही ढवळा, सुटत नाहीत." बोलता बोलता त्याचं लक्ष ग्लासकडे गेलं. एकही गुठळी नव्हती. त्याचा चेहरा उतरला. "तुमचे नुसते सैल बिलगलेत. पाणी लागलं की मोकळे. त्याला अ‍ॅग्लोमरेट म्हणतात. ते तर चांगलंच."

"मग दुसरं का लिवलं?"

"आमच्याकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. मीही... वापरला."

"बालवाडीवाले नाही वापरत! तुमचा शब्द दिसला की माल परत, अष्टे! विषय संपला!"

तो उठला. "चूक माझी आहे. उद्या याल? तुमच्यासमोर पुन्हा तपासतो."

दुसऱ्या दिवशी त्याने तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. काचेवर पाण्याचा थेंब पडला आणि तपकिरी पुंजका हळूहळू उलगडत गेला... एकेक कण सुटा. तिने श्वास रोखला. भिंग नीट करायला तो वाकला, तेव्हा त्याची बाही तिच्या हाताला लागली. दोघंही हलले नाहीत.

"तुमच्या ओढणीला भाजलेल्या रागीचा वास येतो," तो म्हणाला आणि स्वतःच गोरामोरा झाला.

"तेपण लिवा अहवालात."

तो हसला. जाताना तिने सहज विचारलं, "चूक कबूल केली तर तुम्हाला काही होणार नाही ना?"

"माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही," एवढंच तो म्हणाला.

मग आठ दिवस काहीच नाही. फोन नाही, कागद नाही. सिंधूला ऑर्डरची काळजी होती, पण शेडमध्ये रागी भाजताना तिचा हात थांबायचा तो भलत्याच विचाराने... त्याला काढलं तर नसेल?

नवव्या दिवशी दुपारी भुरभुर पावसात तो दारात उभा राहिला. रंगरावांनी मशीन थांबवून त्याला टॉवेल दिला आणि लेकीला हाक मारली.

त्याला मागे शेडमध्ये नेऊन तिने त्याने आणलेला कागद उघडला. 'अ‍ॅग्लोमरेट्स. पाण्यात पूर्ण सुटतात. आधीचा शब्द विश्लेषकाच्या चुकीने.' खाली त्याची सही. ती तिथेच रागीच्या पोत्यावर बसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"मत्ते... मग नोकरी?"

"आहे! साहेबांनी झापलं, मग सगळ्यांसमोर दोन्ही शब्द समजावून सांगायला लावले." तो थांबला. "पण तुमचे नमुने यापुढे मी तपासणार नाही. दुसऱ्याकडे जातील."

तिचं हसू मावळलं. "इतका त्रास झाला माझा?"

"नियम आहे. जवळच्या माणसाचे नमुने तपासता येत नाहीत."

"जवळचं... कोण?"

"साहेबांनीही तेच विचारलं." तो ओल्या चपलांकडे बघत होता. "मी म्हटलं – सर, तिला अजून विचारलेलं नाही."

पुढच्या खोलीतलं मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

"मग विचारा की," ती म्हणाली.

"सिंधू... चालेल तुला?"

"हौदु."

'हो' कळण्याएवढं कन्नड त्याला येत होतं. तरी त्याने विचारलं, "आणि मराठीत?"

"मराठीतबी हौदुच!"